परकी पैसा, भोसरीचा गाळा

१९७९ साली बांगलादेशातून १३० माणसं दक्षिण कोरियातल्या पुसानला गेली. तिथल्या देवू कंपनीच्या शर्टांच्या कारखान्यात त्यांना काही महिने शिकायचं होतं. कापड कसं कापायचं, शिलाईची ओळ कशी लावायची, बाही आधी की कॉलर आधी, माल तपासायचा कुठे आणि परदेशी गिऱ्हाइकाला कागद पाठवायचे कोणते, अशा सगळ्या गोष्टी त्यात होत्या. त्यांना पाठवणारे नुरुल कादेर हे पूर्वीचे सनदी अधिकारी, आणि त्यांच्या कंपनीचं नाव देश गारमेंट्स. देवूला यात रस होता, कारण श्रीमंत देशांनी कोरियाच्या कपड्यांवर कोटा लावलेला होता. बांगलादेशवर तेव्हा तो नव्हता, कारण बांगलादेश तयार कपडे जवळजवळ निर्यातच करत नव्हता. काटेकोर बोलायचं तर देवूने यात भागभांडवल घातलं नाही. शिकवायचं, यंत्रं द्यायची, माल विकून द्यायचा आणि विक्रीवर टक्केवारी घ्यायची, असा तो करार होता.

१९८० मध्ये देश गारमेंट्सने ४३ हजार शर्ट शिवले. १९८७ पर्यंत हा आकडा २३ लाखांवर गेला. पण कादेर यांच्या दृष्टीने वाईट आणि बांगलादेशच्या दृष्टीने उत्तम अशी गोष्ट वेगळीच होती. पुसानहून शिकून आलेल्या १३० जणांपैकी ११५ जण तोवर कंपनी सोडून गेले होते. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याच्या कारखान्यात मोठ्या पगारावर गेलं. निर्यातीच्या ऑर्डरची बँकेतली पतच तारण ठेवून कापड आयात करायचं, म्हणजे खिशात रोकड नसतानाही धंदा उभा राहतो, ही पद्धतही तिथे त्याच काळात बसली. आज जगात तयार कपड्यांच्या निर्यातदारांची नावं घेताना चीनच्या पाठोपाठ बांगलादेशचं नाव येतं. त्या उद्योगाच्या मुळाशी ती ११५ माणसं आहेत.

परकी गुंतवणूक एखाद्या प्रदेशाला नवं काही करायला शिकवते का, या प्रश्नावर जगभरात गेली चाळीसेक वर्षं वाद चालू आहे. त्यात मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा हाच. आपल्याकडे मात्र गुंतवणुकीची बातमी म्हटली की दोनच आकडे असतात, किती कोटी आणि किती नोकऱ्या. जानेवारी २०२५ मध्ये दावोसहून महाराष्ट्राने १५ लाख कोटींहून अधिक रकमेचे सामंजस्य करार आणल्याचं जाहीर झालं. त्यातल्या बऱ्याच सह्या भारतीय कंपन्यांच्याच होत्या, हा विनोद सोडून देऊ. पण त्यातून इथल्या माणसाच्या हातात कोणतं कसब येणार, हे सांगणारा रकाना त्या करारांच्या तक्त्यात नसतोच.

पैशांचे आकडेही जपून वाचावे लागतात. देशात येणाऱ्या परकी गुंतवणुकीतला जवळजवळ तिसरा हिस्सा गेली काही वर्षं महाराष्ट्राच्या नावावर जमा होतो. पण पैसा नोंदला जातो कंपनीच्या कार्यालयाच्या पत्त्यावर. तो पुढे वांद्र्याच्या काचेच्या इमारतीतच राहिला की दुसऱ्या राज्यातल्या गोदामात गेला, हे त्यावरून कळत नाही. शिवाय पैसा पाठवणाऱ्या देशांत वर्षानुवर्षं मॉरिशस आणि सिंगापूर अग्रभागी असतात. मॉरिशसकडून आपण कोणतं तंत्रज्ञान शिकलो, असं कोणी विचारत नाही ते बरंच. बराचसा पैसा चालू धंदा विकत घेण्यासाठीही येतो. १९९३ मध्ये कोका-कोलाने पार्लेकडून थम्स अप घेतलं, तेव्हा परकी भांडवल आलं हे खरंच. पण नवं काही आलं नाही. आधीच तयार असलेल्या चवीचा मालक फक्त बदलला.

अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न मोजायला घेतला तेव्हा काही उत्तरं चांगलीच निराशाजनक निघाली. ब्रायन एटकिन आणि अ‍ॅन हॅरिसन यांनी व्हेनेझुएलातल्या हजारो कारखान्यांची १९७६ ते १९८९ या काळातली माहिती तपासली. त्यांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ज्या उद्योगात परकी मालकी वाढली त्या उद्योगातल्या देशी कारखान्यांची उत्पादकता घटली. कारण सरळ आहे. परकी कंपनी आली, गिऱ्हाईक घेऊन गेली. देशी कारखान्याची यंत्रं तीच, माणसं तीच, माल मात्र कमी खपतो, मग दर नगामागे खर्च वाढतो. शेजारी हुशार आला म्हणून आपण आपोआप हुशार होतो, या समजुतीला त्या अभ्यासाने चांगलाच धक्का दिला.

पाच वर्षांनी बेआटा याव्होर्चिक यांनी लिथुआनियाची आकडेवारी घेतली आणि प्रश्न थोडा फिरवून विचारला. परकी कंपनीचा प्रतिस्पर्धी काय शिकतो हे सोडा, तिला माल पुरवणारा काय शिकतो ते पाहा. तिथे फायदा दिसला, आणि स्पष्ट दिसला. मुख्यतः तो संयुक्त मालकीच्या कंपन्यांमुळे होता. संपूर्ण परकी मालकीच्या कंपन्यांकडून तसा फायदा आढळला नाही. याचा अर्थ लावणं अवघड नाही. देशी भागीदार असला की जवळचा पुरवठादार शोधला जातो, नाहीतर सुटे भाग आपल्या ओळखीच्या पुरवठादाराकडून जहाजाने मागवायची सवय सुटत नाही. शिवाय प्रतिस्पर्ध्यापासून विद्या लपवण्यात कंपनीचं हित असतं, तर पुरवठादाराला ती शिकवण्यात. त्याचा भाग सदोष निघाला तर तिचीच लाइन थांबते.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहायला लिथुआनियापर्यंत जायची गरज नाही. पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतला एखादा गाळा पुरेसा आहे.

समजा एक पिन बनवायची आहे. व्यास १२ मिलिमीटर. ड्रॉइंगवर सूट दिली आहे १८ मायक्रॉनची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण चौथ्या भागाइतकी. सीएनसीवर टर्निंग, मग उष्णतोपचार, मग सेंटरलेस ग्राइंडिंग. असं काम भोसरीत कैक वर्षं होत आलं आहे. जुनी रीत अशी, की हजार पिना काढायच्या, गो-नो गो गेजमधून एकेक सरकवायची, बसेल ती पेटीत, न बसेल ती भंगारात किंवा परत मशीनवर. यात चूक काही नाही, फक्त माल बनून गेल्यावर निवड होते. पन्नास खराब निघाल्या हे कळतं, का निघाल्या हे कळत नाही.

आता हीच पिन एखाद्या जर्मन किंवा अमेरिकी मोटार कंपनीच्या साखळीत द्यायची असेल तर पहिला नग बाहेर पडण्याआधी कागद सुरू होतात. भोसरीत या प्रकाराला सगळे ‘पीपॅप’ म्हणतात. अमेरिकी मोटार कंपन्यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत बांधली. तीत अठरा बाबी असतात. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला क्रमांक द्यायचा. कच्चा माल येण्यापासून पेटी बंद होईपर्यंतचा प्रवाह काढायचा. प्रत्येक टप्प्यावर काय बिघडू शकतं, ते किती घातक आहे आणि ते पकडलं जाईल का, याचा तक्ता भरायचा. मग मापयंत्राचीच परीक्षा. एकच पिन तीन कामगारांनी पुन्हा पुन्हा मोजली तर तिघांचं माप एक येतं का? पहिल्या वेळी बऱ्याच ठिकाणी असं दिसतं, की पिनेतला म्हणून धरलेला फरक निम्मा मोजणाऱ्याच्या हातातला होता. त्यानंतर नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या कामगाराकडून, साधारणपणे सलग तीनशे नग काढायचे आणि त्यांच्या मापांचा पसारा सुटीच्या किती आत बसतो ते गणिताने दाखवायचं. तीनशेच्या तीनशे पिना सुटीत बसल्या तरी ‘नापास’ असा शेरा येऊ शकतो, कारण माप कडेकडेने चाललेलं असतं. जुन्या मालकाला हे पहिल्यांदा ऐकताना चेष्टा वाटते.

खरा बदल घडतो तो मशीनजवळ. ग्राइंडिंगचा दगड झिजतो, तसा पिनेचा व्यास हळूहळू वाढत जातो. कामगार ठरावीक वेळाने पाच पिना मोजून त्यांची सरासरी कागदावर ठिपक्याने मांडतो. ठिपके वर सरकायला लागले की एकही पिन खराब निघायच्या आत दगड ड्रेस करतो किंवा मशीनची सेटिंग बदलतो. आता तो निवडत नाही, आधीच ओळखतो. बारावी पास किंवा आयटीआय झालेला मुलगा आलेख वाचून यंत्राला काय करायचं हे ठरवतो. हे बौद्धिक काम आहे, आणि एकदा आलं की त्याच्यासोबत फिरतं. सहा महिन्यांनी त्याच गाळ्यात एखाद्या पंपवाल्याचा शाफ्ट आला तर त्यालाही तीच शिस्त लागते. पंपवाल्याने ती मागितलेली नसते आणि तिचे पैसेही दिलेले नसतात. परक्या गुंतवणुकीचा ‘पाझर’ म्हणून अर्थशास्त्रज्ञ जे सांगतात ते हेच.

पण या चित्रावर फार भुलून जाऊ नये. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, पिन आपली. ही पिन बारा ऐवजी अकरा मिलिमीटरची केली तर चालेल का, तिच्याऐवजी दुसरीच रचना करता येईल का, हे विचारायची मुभा गाळेवाल्याला नसते. दरवर्षी दर थोडा कमी करून द्यायचा, हे करारातच असतं. तो बनवण्यात तरबेज होतो, पण रचना करण्याचा त्याच्याशी संबंध येत नाही. वीस वर्षं परकी कंपनीला माल दिलेल्या कितीतरी पुरवठादारांच्या नावावर एकही स्वतःचं उत्पादन नाही. हे त्यांचं अपयश म्हणून सांगत नाही. त्या साखळीची घडणच तशी आहे.

मग एक प्रश्न उरतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणला हे जमलं, मग तीच कंपनी दुसरीकडे कारखाना टाकते तेव्हा तिथे भोसरी का उभी राहत नाही? पाऊस पडला म्हणून लगेच पेरणी होत नाही. वाफसा यावा लागतो. पुण्याच्या बाबतीत तो यायला निदान तीस वर्षं लागली, आणि गंमत म्हणजे ती तीस वर्षं बंद अर्थव्यवस्थेची होती. अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची, पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ चा, वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय १९६६ ची. त्याच सुमारास सुमंत मुळगावकरांनी टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुण्यातला पसारा मांडला तो ट्रकपासून नव्हे, तर प्रशिक्षण विभाग आणि यंत्रं-हत्यारं बनवणाऱ्या विभागापासून. बाहेरून डाय मागवायला परवाना मिळणं मुश्कील, तेव्हा डाय बनवणारी माणसं घडवणं भाग होतं. आकुर्डीत बजाजची स्कूटर पिआजिओच्या परवान्यावर सुरू झाली. १९७१ मध्ये तो परवाना संपल्यावर स्कूटर पुढे बजाजच्याच नावाने चालू राहिली, चेतक आली. त्या स्कूटरसाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षं थांबायचं, त्यामुळे तिच्यात सुधारणा करायची घाई कुणाला नव्हती, हेही सांगायला हवं. पण तिच्या शेकडो सुट्या भागांसाठी शेकडो गाळे उभे राहिले.

म्हणून मर्सिडीजने १९९४ मध्ये भारतात कंपनी काढली आणि टेल्कोच्या पिंपरीतल्या जागेत गाड्या जोडायला सुरुवात केली, तेव्हा तिला टूलरूमवाले, उष्णतोपचार करणारे, गेज तपासून देणारे हाकेच्या अंतरावर मिळाले. फोक्सवॅगनने ५८ कोटी युरो घालून २००९ मध्ये चाकणचा कारखाना उघडला तेव्हा तर हे जाळं आणखी दाट झालं होतं. परवाना-राजला शिव्या देणं सोपं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच रास्तही आहेत. पण खुल्या अर्थव्यवस्थेने जी फळं खाल्ली त्यातली काही झाडं त्या काळात लागलेली होती, हे मान्य करायला आपले उदारीकरणवाले तयार नसतात. आणि दार उघडलं नसतं तर ते गाळे अजून गो-नो गो गेजच सरकवत बसले असते, हे मान्य करायला दुसऱ्या बाजूचे तयार नसतात.

पुण्यातली एक जुनी परकी गुंतवणूक मुद्दाम पाहण्यासारखी आहे. किर्लोस्कर आणि अमेरिकेची कमिन्स यांनी मिळून १९६२ मध्ये कोथरूडला डिझेल इंजिनांची कंपनी काढली. तेव्हा कोथरूड गावाबाहेर होतं, आज त्या भागात पार्किंग मिळत नाही. पुढे किर्लोस्कर बाहेर पडले आणि कंपनी नुसती कमिन्स राहिली. पण तोवर तिची मुळं शहरात खोल गेली होती. १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने कमिन्सच्या मदतीने कर्वेनगरला मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं, ते तिच्याच नावाने ओळखलं जातं. दुसरा धागा आणखी मजेदार आहे. कीर्तने-पंडित ही पुण्यातली चार्टर्ड अकाउंटंटची पेढी. तिच्यातून १९९० मध्ये केपीआयटी ही सॉफ्टवेअर कंपनी निघाली. २००२ मध्ये तिच्यात कमिन्सची इथली माहिती-तंत्रज्ञान कंपनी विलीन झाली. इंजिन बनवणाऱ्यांच्या अडचणी घरातूनच कळू लागल्या, आणि हिशेब तपासणाऱ्यांच्या पेढीतून निघालेली कंपनी मोटारीच्या आत चालणारं सॉफ्टवेअर लिहू लागली. आज जगातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्या तिची गिऱ्हाइकं आहेत. १९६२ च्या करारात यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं.

माणूस कंपनी सोडतो, तेव्हा काय घेऊन जातो याचा छडा घानामध्ये होल्गर ग्योर्ग आणि एरिक स्ट्रोब्ल यांनी लावला. ज्या देशी कारखान्यांच्या मालकांनी आधी त्याच उद्योगातल्या बहुराष्ट्रीय कंपनीत नोकरी केली होती, त्यांचे कारखाने इतरांपेक्षा अधिक उत्पादक निघाले. म्हणजे पुसानचे ११५ अपवाद नव्हते. एखाद्या प्रदेशात परकी कंपनी आल्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी तिथून किती माणसं बाहेर पडली आणि बाहेर पडून काय केलं, हा तिच्या उपयोगाचा चांगला मापदंड ठरेल. कंपन्यांना मात्र हा मापदंड आवडायचा नाही.

मलेशियातल्या पिनांगला हे साधलं. १९६९ मध्ये जॉर्ज टाउनचा मुक्त बंदराचा दर्जा गेला, बेकारी वाढली. मुख्यमंत्री लिम चोंग यू यांनी १९७२ मध्ये बायान लेपासला मुक्त व्यापार क्षेत्र उघडलं. इंटेलने परदेशातला आपला पहिला जोडणी कारखाना तिथेच टाकला, पाठोपाठ एचपी, एएमडी, बॉश, हिताची वगैरे आल्या. सुरुवातीचं काम म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बारीक तारा जोडणाऱ्या मुलींच्या रांगा, बाकी काही नाही. पण पिनांगने एक शहाणपणाची गोष्ट केली. १९८९ मध्ये कारखान्यांना एकत्र आणून एक कौशल्य केंद्र काढलं. अभ्यासक्रम काय असावा हे कंपन्यांनी ठरवायचं, जागा सरकारने द्यायची, आणि एका कंपनीचा माणूस दुसऱ्या कंपनीच्या माणसाशेजारी बसून शिकायचा. त्या मुशीतून चिप तपासणारी यंत्रं बनवणाऱ्या स्थानिक कंपन्या निघाल्या. एचपीतल्या अभियंत्यांनी २००० मध्ये काढलेली व्हिट्रॉक्स ही त्यातलीच एक.

कोस्टा रिकालाही इंटेलच मिळाली होती. १९९६ मध्ये घोषणा झाली तेव्हा त्या चिमुकल्या देशात जणू दिवाळी होती. निर्यातीचे आकडे झपाट्याने चढले. पण चिप येत होती विमानाने आणि जात होती विमानाने. तिच्यासाठी लागणारं फारसं काही स्थानिक दुकानात मिळत नव्हतं. २०१४ मध्ये इंटेलने जोडणीचं काम आशियात हलवलं आणि सुमारे दीड हजार नोकऱ्या गेल्या. काही वर्षांनी ते परत आणलं आणि २०२५ मध्ये पुन्हा हलवण्याची घोषणा केली, यावेळी व्हिएतनाम आणि मलेशियाला. तरी कोस्टा रिकाचं सगळंच वाया गेलं असं नाही. संशोधन आणि रचनेचं काम करणारे अभियंते तिथे टिकले. कारखाना उचलून नेता येतो, हजारभर माणसांची एकमेकांशी पडलेली गाठ नेता येत नाही, म्हणून बहुधा.

चीनची गोष्ट मोठी आहे, इथे तिचं एकच टोक घेतो. कुई यिन च्युंग आणि पिंग लिन यांनी २००४ मध्ये चीनच्या प्रांतवार आकड्यांवरून दाखवलं, की परकी गुंतवणूक जास्त असलेल्या प्रांतांत देशी पेटंट अर्जही वाढतात. पण सगळ्यांत जास्त वाढतात ते बाह्य आकाराच्या, म्हणजे डिझाइनच्या पेटंटचे. नवा शोध नव्हे, समोर ठेवलेल्या वस्तूचं रूप बदलणं. नक्कल आणि किरकोळ फेरफार ही शिकण्याची पहिली पायरीच आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. शाओलान फू यांच्या २००८ मधल्या अभ्यासात दुसरी बाजू दिसली. किनाऱ्यावरच्या प्रांतांना या गुंतवणुकीचा नवनिर्मितीत फायदा झाला, कारण तिथे विद्यापीठं, अभियंते, स्वतःचा संशोधन-खर्च होता. आतल्या प्रांतांत तो फायदा दिसला नाही.

मोटारींत तर चीनने ‘बाजारपेठ घ्या, तंत्र द्या’ असा उघड सौदाच मांडला होता. फोक्सवॅगनने १९८४ मध्ये शांघायमध्ये भागीदारी केली. शांघायच्या नगर सरकारने सुटे भाग स्थानिकच हवेत असा आग्रह धरून पुरवठादारांवर पैसा ओतला, आणि पुरवठादार तयार झाले. पण भागीदार सरकारी कंपन्या मात्र सुस्तावल्या. जर्मनांची गाडी विकून नफा मिळतोय तर स्वतःची रचना करायची कशाला? चीनच्या आजच्या जोमदार मोटार कंपन्या, बीवायडी, गीली, चेरी, या त्या मोठ्या भागीदाऱ्यांच्या बाहेर वाढल्या, आणि त्यांनी त्याच पुरवठादारांच्या जाळ्याचा फायदा घेतला. २०२३ मध्ये फोक्सवॅगनने शाओपेंग या तरुण चिनी कंपनीत सुमारे ७० कोटी डॉलर घालून जेमतेम पाच टक्के हिस्सा घेण्याचं ठरवलं. जर्मन कंपनीला तिच्याकडून विजेच्या गाड्यांचं तंत्र हवं होतं. पैसा याही वेळी परकीच होता, पण शिकवणारा आणि शिकणारा यांच्या जागा बदलल्या होत्या.

असा उलटा प्रवाह आपल्याकडेही थोडाफार दिसतो. मुंढव्याच्या भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी घेतली. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला आणि पुढे तिच्या लहान इंजिनांच्या गाड्या चाकणला बनवून जगभर पाठवल्या. गाळेवाल्याला रचना शिकायची असेल तर ड्रॉइंगची मालकी असलेली कंपनीच विकत घ्यावी लागते की काय, असं वाटण्याजोगी ही उदाहरणं आहेत.

रचनेवरून संशोधन-केंद्रांचा विषय येतो. १९९० च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पॉलिकार्बोनेट बनवण्याच्या एका प्रक्रियेत केलेलं काम जीईच्या नजरेत भरलं. पॉलिकार्बोनेटच्या बाजारात जीई तेव्हा बलाढ्य होती. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रयोगशाळेचे संचालक होते. जीईने प्रयोगशाळेशी करार केला, आणि भारतात असं संशोधन होऊ शकतं याची खात्री पटल्यावर २००० मध्ये स्वतःचं मोठं संशोधन केंद्र काढलं, पण ते बंगळूरला. पुण्याने दाखवलं, बंगळूरने घेतलं. आज पुण्यात, हिंजवडीपासून खराडीपर्यंत, परकी कंपन्यांची अशी केंद्रं पुष्कळ आहेत आणि त्यात खरोखर वरच्या दर्जाचं काम होतं. फक्त पेटंट मूळ कंपनीच्या नावावर जातं, आणि पुरवठादार ही चीज तिथे नसतेच. संगणकावरच्या रचनेला भोसरीचा गाळा लागत नाही. त्यामुळे त्या केंद्रांतून पाझर व्हायचा एकच मार्ग उरतो, माणसांनी नोकरी सोडण्याचा. पगार भरपूर असले की तोही अरुंद होतो.

या सगळ्याकडे पाहून महाराष्ट्राच्या धोरणाकडे वळलं की विसंगती डोळ्यांत भरते. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. मागास तालुक्यात कारखाना काढला तर सवलत जास्त, पुण्या-मुंबईत जवळजवळ नाही, हे तिचं सूत्र. हेतू चांगलाच आहे. पण मोठ्या प्रकल्पाची सवलत ठरते ती मुख्यतः स्थिर भांडवल किती आणि नोकऱ्या किती यांवर. यंत्रं आणा, शेड बांधा, माणसं भरा. स्थानिक पुरवठादाराकडून किती माल घेतला, त्याला किती शिकवलं, जवळच्या आयटीआयशी काही संबंध ठेवला का, यांना त्या हिशेबात असून नसल्यासारखं वजन. मग कंपनी सवलतीच्या तालुक्यात येते, सुटे भाग भोसरीहून ट्रकने मागवते, आणि सवलतीची मुदत संपली की पुढचा हिशेब मांडायला मोकळी.

औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, हे याला बऱ्यापैकी अपवाद ठरलं. १९८० च्या दशकाच्या मध्याला बजाज वाळूजला गेली, तिच्या आधाराने एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉकसारख्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या तिथे वाढल्या. जर्मन मदतीने उभं राहिलेलं टूलरूम आणि प्रशिक्षण केंद्र आलं. त्यानंतर २००१ मध्ये स्कोडा शेंद्र्याला आली. क्रम लक्षात घ्या. आधी देशी मोठं गिऱ्हाईक, मग पुरवठादार, मग टूलरूम आणि सर्वांत शेवटी परकी कारखाना. तिथल्या एन्ड्युरन्सने पुढे इटली आणि जर्मनीत कारखाने घेतले.

तळेगावला जनरल मोटर्स २००८ मध्ये आली आणि डिसेंबर २०२० मध्ये तिने उत्पादन थांबवलं. हजारावर कामगारांची नोकरी गेली, भरपाईचा तंटा न्यायालयात गेला. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. ज्या पुरवठादाराचं एकच गिऱ्हाईक होतं त्याचे हाल अशा वेळी कुत्रा खात नाही. ज्याची चार गिऱ्हाइकं असतात तो दोन वर्षं ओढाताण करून तरतो. तळेगाव चाकणच्या शेजारी आहे, म्हणून तिथल्या फिटरला आणि गेज तपासणाऱ्याला दुसरं काम शोधायला गाव सोडायची गरज नव्हती. हाच कारखाना एखाद्या एकाकी तालुक्यात असता तर ह्युंदाईला विकत घ्यायला इमारत मिळाली असती, पण चालवायला माणसं बाहेरून आणावी लागली असती.